मळ्यातल्या नव्या घरी फोन व इंटरनेट जोडणी : केव्हा, कशी आणि कोणती काळजी घ्यावी?

सातारा व सांगली जिल्ह्यांत गावठाण सोडून मळ्यात घर बांधण्याचे प्रमाण गेल्या काही वर्षांत वाढले आहे. कुटुंबे विभागली, गावठाणात जागा अपुरी पडू लागली, जनावरे व औते-अवजारे रानातच ठेवणे सोयीचे वाटू लागले, अशी त्याची कारणे आहेत. नवे घर बांधताना शेतकरी बंधू विहिरीचे पाणी पाहतात, रस्ता पाहतात, विजेचा खांब किती लांब आहे ते पाहतात. फोन व इंटरनेटचा विचार मात्र बहुधा वास्तुशांत झाल्यावर होतो. तोपर्यंत भिंतींना गिलावा झालेला असतो, फरशी बसलेली असते आणि घरात रेंज येत नाही हे लक्षात आलेले असते.

आज ही बाब केवळ सोयीची राहिलेली नाही. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर करावी लागते. अनुदानाचे अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, बँकेचे व्यवहार या सर्वांसाठी फोनवर येणारा सांकेतिक क्रमांक लागतो. तासगाव, पलूस भागातील द्राक्षबागायतदाराला पावसाचा अंदाज वेळेवर मिळाला तर एक फवारणी वाचते किंवा वेळेत होते. मुलांचा अभ्यास आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले, सर्पदंश झाला, तर १०८ क्रमांकाला फोन लागलाच पाहिजे.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकाच्या घरीच आला. आमच्या वडिलांनी वाळवा तालुक्यात मळ्यात घर बांधले. पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री आईला दम लागला. घरात रेंज नव्हती. वडील बॅटरी घेऊन भर पावसात विहिरीच्या कठड्याजवळ गेले, तिसऱ्या प्रयत्नात १०८ ला फोन लागला. 'कुठे यायचे?' या प्रश्नाला नीट उत्तर देता येईना, कारण मळ्याला पत्ता नव्हता. गाडी आली, आई बरी झाली. परंतु त्या रात्रीची पाऊण तासाची वाट घरातील कोणीही विसरलेले नाही. ही वेळ इतरांवर येऊ नये म्हणून या लेखात जोडणीची माहिती क्रमवार दिली आहे.

थोडी पूर्वपीठिका

आपल्या भागात फोन येण्याचा इतिहास फार जुना नाही. ग्रामीण भागासाठी सी-डॉट या संस्थेने १२८ जोडण्यांचे छोटे टेलिफोन केंद्र तयार केले. वातानुकूलनाशिवाय, उष्णतेत व धुळीत चालणारे हे केंद्र १९८६ मध्ये बेळगावजवळच्या कित्तूर येथे प्रथम बसविण्यात आले. त्यानंतर अशी केंद्रे खेडोपाडी पोचली आणि एस.टी.डी. बूथच्या पिवळ्या पाट्या दिसू लागल्या. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, वारणानगर परिसरात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी संगणक-जाळ्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. गावोगावच्या केंद्रांत संगणक बसविले गेले आणि ऊसउत्पादक सभासदाला उसाचे वजन, तोडणी, खत यांची माहिती गावातच मिळावी अशी व्यवस्था केली गेली. पुढे याच भागात मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ७ गावांत ८ महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरील संदेशाने तीच माहिती शेतकऱ्याला मिळू लागली. या प्रयोगातून घेण्यासारखा धडा असा, की यंत्र किती मोठे याला महत्त्व नाही. आपली गरज काय, आणि ती कमीत कमी खर्चात, कमीत कमी बिघाडात कशी भागते, हे पाहावे. नव्या घराची जोडणी निवडतानाही हेच सूत्र लागू पडते.

पाया खोदण्यापूर्वी रेंज-परीक्षण

लागवडीपूर्वी आपण माती परीक्षण करतो. तसेच घराची जागा नक्की करण्यापूर्वी रेंजचे परीक्षण करावे. त्यासाठी खर्च काहीही येत नाही.

१) घरातील व शेजाऱ्यांकडील वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन गोळा करावेत व नियोजित जागेवर, सकाळी व रात्री ८ च्या सुमारास, अशा दोन्ही वेळा तपासावेत. रात्री वापर वाढतो व वेग घटतो.

२) फोनवरील रेघांवर विसंबू नये. बहुतेक फोनमध्ये सेटिंगमधील 'फोनविषयी' या भागात सिमची स्थिती पाहता येते. तेथे संदेशाची ताकद उणे आकड्यात दिलेली असते. चौथ्या पिढीच्या सेवेसाठी हा आकडा उणे ८० ते उणे १०० असल्यास रेंज चांगली समजावी. उणे ११० च्या पलीकडे गेल्यास ती कमकुवत, व उणे १२० जवळ गेल्यास भरवशाची नाही. आकडा उणे असल्याने १०० पेक्षा ८० चांगला, हे ध्यानात ठेवावे.

३) उघड्यावर आलेली रेंज घरात तेवढीच राहत नाही. स्लॅबचे काँक्रीट, त्यातील सळ्या व विशेषतः पत्रा यामुळे ती बरीच कमी होते. उघड्यावरच रेंज कमकुवत असेल तर घरात ती मिळणार नाही असे गृहीत धरावे.

४) उसाचाही परिणाम होतो. फेब्रुवारीत मोकळ्या रानात घेतलेले माप आणि आडसाली ऊस डोक्यावर गेल्यानंतर, पावसात पाने भिजलेली असताना मिळणारी रेंज यांत फरक पडतो. शक्य असल्यास भर पावसाळ्यातही एकदा तपासावे.

५) पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा या डोंगरी भागात टॉवर जवळ असूनही मध्ये डोंगराची सोंड आल्यास रेंज अडते. अशा ठिकाणी शंभर-दीडशे फूट जागा बदलल्यानेही फरक पडतो. माण, खटाव, जत, आटपाडी या भागात अडथळा कमी, पण अंतर अधिक, अशी स्थिती असते. कमी वारंवारितेच्या लहरी लांबपर्यंत पोचतात, तर अधिक वारंवारितेच्या लहरी वेग जास्त देतात पण लवकर क्षीण होतात. त्यामुळे गावात पाचव्या पिढीची सेवा असली तरी दोन-तीन किलोमीटरवरच्या मळ्यात ती मिळेलच असे नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनी आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयाचे आहेत. ते जरूर पाहावेत. परंतु अंतिम निर्णय स्वतःच्या रानातील मापावरच घ्यावा.

जोडणीचे प्रकार व निवड

*काचतंतूची केबल (फायबर) :* घरात कायमचे इंटरनेट हवे असल्यास हा सर्वांत चांगला पर्याय आहे. वेग स्थिर राहतो व पावसाचा परिणाम होत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली व २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. मात्र ग्रामपंचायतीपर्यंत तंतू येणे आणि मळ्यापर्यंत येणे यांत फरक आहे. भारत संचार निगम व खाजगी कंपन्यांची जोडणी खेड्यात बहुधा स्थानिक केबलचालकामार्फत दिली जाते. म्हणून आपल्या मळ्यापासून जवळचा जोडपेटीचा खांब कोठे आहे व तेथून घरापर्यंत किती मीटर केबल लागेल, हे त्याच्याकडून प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

*बिनतारी घरगुती जोडणी :* यात घराच्या गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर एक पेटी बसवून मोबाईल टॉवरवरून इंटरनेट घेतले जाते. केबल ओढावी लागत नाही. टॉवर सरळ नजरेत असल्यास ही पद्धत चांगली चालते.

*सिमवर चालणारा राऊटर व बाहेरचा अँटेना :* घरात रेंज नाही पण गच्चीवर आहे, अशा ठिकाणी १५ ते २० फूट उंच लोखंडी पाइपवर अँटेना बसवून तो टॉवरच्या दिशेने करावा. खर्च मर्यादित असतो व सिम बदलून कंपनीही बदलता येते.

बाजारात मिळणारे रेंज वाढविण्याचे यंत्र, म्हणजे बूस्टर, मात्र कोणीही कितीही आग्रह केला तरी विकत घेऊन बसवू नये. परवान्याशिवाय असे यंत्र बाळगणे व वापरणे बेकायदेशीर आहे. शिवाय त्यामुळे आसपासच्या सर्वांचीच सेवा बिघडते.

वेगाच्या बाबतीत मोठ्या आकड्यांना भुलू नये. साध्या चित्रफितीच्या बोलण्याला सुमारे १ ते २ मेगाबिट वेग पुरतो. दोन-तीन फोन, मुलांचा अभ्यास व गोठ्यावरचा एखादा कॅमेरा एवढ्या वापरासाठी ३० मेगाबिटची जोडणी साधारण कुटुंबाला पुरेशी आहे. दर विचारताना बसविण्याचा खर्च, यंत्राची अनामत, जादा केबलचे पैसे व १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून वर्षाचा एकूण आकडा काढावा व मगच तुलना करावी.

अर्ज व कागदपत्रे

आधार कार्ड, छायाचित्र व पत्त्याचा पुरावा लागतो. मळ्यातील नव्या घराचा पत्ता आधार कार्डावर नसतो, तेथे अडचण येते. त्यासाठी घराची नोंद ग्रामपंचायतीत करून नमुना ८ चा उतारा घ्यावा. नव्या वीज जोडणीचे बिलही उपयोगी पडते. पैसे भरल्यावर पावती, अर्जाचा क्रमांक व जोडणीची तारीख लेखी अथवा संदेशाद्वारे घ्यावी. तोंडी आश्वासनावर थांबू नये.

केबल शेजाऱ्याच्या बांधावरून जाणार असेल तर प्रथम त्याच्याकडे जाऊन बोलावे व दोन ओळींची लेखी संमती घ्यावी. बांधावरून गेलेली एक तार पुढे भाऊबंदकीचे कारण होऊ नये. शक्य झाल्यास त्या बाजूच्या दोन-तीन वस्त्यांनी मिळून अर्ज करावा. केबलचालकालाही अधिक ग्राहक मिळाल्यास तो खांब पुढे आणण्यास तयार होतो व प्रत्येकाचा खर्च कमी होतो.

केबल रानातून नेताना

येथेच सर्वाधिक चुका होतात. आमच्या मळ्यात कंपनीच्या माणसाने केबल रस्त्याच्या कडेच्या बाभळीवरून ओढली. डिसेंबरमध्ये ऊस भरलेल्या ट्रॉलीने ती तोडली. पुन्हा जोडली, तर शेजारच्या फडात पाचट पेटवल्याने ती वितळली. तिसऱ्या वेळी आम्ही ती स्वतः जमिनीतून घातली. त्यातून व तंत्रज्ञांशी केलेल्या चर्चेतून पुढील सूचना दिल्या आहेत.

१) केबल जमिनीतून नेताना ती जाड एच.डी.पी.ई. पाइपमधून व किमान अडीच ते तीन फूट खोलीवर घालावी. नांगरट व सबसॉयलर यांच्या टप्प्याखाली ती राहिली पाहिजे. ठिबकच्या मुख्य नळीसाठी चर खोदणार असाल तर त्याच वेळी हे काम उरकावे. पाइपची दोन्ही तोंडे बंद करावीत, म्हणजे उंदीर व घूस आत शिरणार नाही.

२) केबल शक्यतो बांधाच्या कडेने व सरळ न्यावी. वळणावर दगड रोवून खूण करावी व शेताच्या कच्च्या नकाशावर मार्ग काढून ठेवावा. जे.सी.बी. चालकाला हा नकाशा दाखविल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये.

३) वरून नेणे भागच असेल तर रस्ता ओलांडताना उंची किमान १८ फूट ठेवावी. महावितरणच्या खांबांवर परवानगीशिवाय केबल बांधू नये. त्यात जिवाला धोका आहे.

४) काचतंतू अंगठ्याएवढ्या वळणातही कमजोर होतो. घरात केबल कोपऱ्यात दुमडू नये व खिळ्याने दाबू नये. गिलावा करण्यापूर्वीच गच्चीपासून हॉलपर्यंत एक मोकळी पाइप भिंतीत घालून ठेवावी.

५) बसविणारा माणूस जाण्यापूर्वी घरातील पेटीवर येणाऱ्या प्रकाशाचे माप विचारून लिहून घ्यावे. ते उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असावे. उणे २७ च्या पलीकडे असल्यास जोडणी वारंवार तुटते. पुढे तक्रार करताना हा आकडा उपयोगी पडतो.

कृष्णा-वारणा काठच्या शेतकऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आपल्या घरी २०१९ व २०२१ मध्ये पाणी कोठवर आले, त्याची खूण पाहून सर्व पेट्या त्याच्यावर बसवाव्यात.

वीज व विजा

जुना तांब्याच्या तारेचा फोन टेलिफोन केंद्रातील बॅटरीवर चाले. त्यामुळे घरातील वीज गेली तरी तो चालू राहत असे. काचतंतूचे तसे नाही. काचेतून वीज वाहत नाही, म्हणून घरातील पेटी वीज जाताच बंद पडते. मळ्यात वीज जाण्याचे प्रमाण पाहता १२ व्होल्टचा छोटा बॅटरी संच जोडणीसोबतच घ्यावा. पेटी व राऊटर मिळून साधारण १० ते १२ वॅट वीज घेतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी त्यावर सुमारे ४ तास पुरते. कमी-जास्त दाबाने अडॅप्टर जळू नयेत म्हणून चांगल्या प्रतीचा दाब-संरक्षक वापरावा व घराचे अर्थिंग नीट करून घ्यावे.

वळवाच्या पावसात वीज कडाडू लागल्यास राऊटर व अडॅप्टर बोर्डातून काढावेत. काचतंतू स्वतः वीज वाहून आणत नसला तरी केबलसोबतची आधाराची तार लोखंडी असते. ती घराबाहेरच तोडून थांबवावी, आत घेऊ नये. उंच पाइपवरील अँटेनालाही अर्थिंग हवेच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप विजेची पूर्वसूचना देते, तर हवामान खात्याचे 'मेघदूत' हे २०१९ पासून कृषी सल्ला देते. जोडणी झाल्यावर ही दोन्ही फोनमध्ये जरूर घ्यावीत.

रेंज नसतानाही फोन लागतो

बऱ्याच जणांना ही सोय माहीत नसते. घरात इंटरनेट जोडणी असेल तर मोबाईलला टॉवरची रेंज नसली तरी वायफायवरून नेहमीच्याच नंबरने बोलता येते. फोनच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' हा पर्याय एकदा सुरू करावा लागतो. आपला फोन व कंपनी ही सोय देते का, ते तपासावे व घरातील प्रत्येकाच्या, विशेषतः वडीलधाऱ्यांच्या, फोनमध्ये ती सुरू करून एकदा शेजाऱ्याला फोन लावून पाहावा. आमच्या घरी ही सोय झाल्यापासून वडिलांना विहिरीवर जावे लागत नाही. मात्र वीज व बॅटरी दोन्ही संपल्यास हा मार्गही बंद होतो. म्हणून घरात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असावीत व बाहेर रेंज हमखास मिळते ती जागा लहानथोरांना ठाऊक असावी.

तसेच दाराजवळच्या भिंतीवर ठळक अक्षरांत पुढील मजकूर लिहून ठेवावा : गावाचे नाव, तालुका, गट क्रमांक, कोणत्या फाट्यावरून आत वळायचे, किती अंतर, जवळची ठळक खूण, आणि १०८ व ११२ हे क्रमांक. घाबरलेला माणूसही तो वाचून दाखवू शकतो.

तक्रार कशी करावी?

प्रथम कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन करून तक्रारीचा नोंदणी क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागावी. २०१२ च्या नियमांत ही दोन टप्प्यांची पद्धत घालून दिलेली आहे. त्यानंतर केंद्र सरकारच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर, तसेच ग्राहक मदत क्रमांक १९१५ वर नोंद करता येते. दूरसंचार सेवेबाबत ग्राहक मंचात जाता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. केवळ मोबाईलची सेवा नीट नसेल तर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. त्यासाठी १९०० या क्रमांकावर संदेश पाठवावा लागतो.

फसवणुकीपासून सावध

'तुमच्या रानात टॉवर बसवतो, दरमहा मोठे भाडे व नोकरी देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा' असे फोन व पत्रे शेतकऱ्यांना येतात. टॉवरसाठी जागा देणाऱ्याकडून कंपनी पैसे घेत नाही आणि नियामक प्राधिकरण अशी प्रमाणपत्रे देत नाही. एक रुपयाही भरू नये. पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. आपल्या नावावर किती सिम आहेत, हे २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. अनोळखी नंबर दिसल्यास तेथेच कळवावे. राऊटर बसविल्यावर त्याचा मूळ परवलीचा शब्द त्याच दिवशी बदलावा.

थोडक्यात

जागा ठरविण्यापूर्वी रेंज मोजावी. गिलाव्यापूर्वी पाइप घालावी. शेजाऱ्याची संमती व कंपनीची पावती लेखी घ्यावी. केबल नांगराच्या टप्प्याखाली व पेटी पुराच्या रेषेवर ठेवावी. बॅटरी संच सुरुवातीलाच घ्यावा. वायफाय कॉलिंग सुरू करावे आणि पत्ता भिंतीवर लिहावा. एवढी कामे शेतकरी बंधू-भगिनींनी बांधकामाच्या वेळापत्रकातच धरली, तर मळ्यातले नवे घर गावापासून लांब असले तरी मदतीपासून लांब राहणार नाही.